पहिल्या रांगेतला पहारा

चालकाचे डोळे मिटले आणि उघडले. एवढेच. डोळे सर्वांचेच मिटतात. किती वेळा मिटतात याची गणना कोणी ठेवीत नाही. परंतु समोरच्या काचेच्या वर बसवलेल्या लांबट आरशात पहिल्या रांगेतल्या एका प्रवाशाने जे पाहिले ते मिटणे निराळे होते. पापणी झटकन खाली आली नाही. ओले कापड दोरीवरून घसरावे तशी ती घसरली, तळाशी जाऊन क्षणभर विसावली, आणि मग कोणी हाक मारल्यासारखी दचकून वर गेली. त्या क्षणभरात बस पुढे गेली होती. डाव्या हाताला गुडघाभर उंचीचा दगडी कठडा होता, कठड्यापलीकडे काहीच नव्हते, आणि त्या पोकळीच्या तळाशी समुद्र होता. त्याने आजूबाजूला पाहिले. मागे सगळी बस सुखात होती, कोणी पेंगत होते, कोणी बिस्किटाचा पुडा फाडीत होते, आणि शेजारी खिडकीला नाक लावून बसलेली त्याची बायको म्हणत होती, "अहो, बघा तरी! निळ्याच्या आत आणखी निळं आहे. मी म्हणते, देवाला एवढा रंग परवडतो कसा?" त्याने मान हलवली. पण मान हलवतानाही दृष्टी आरशावरून ढळू दिली नाही.

या सहलीत आसनांची पाळी असे. कोणी रुसू नये, पुढच्या जागेवरून भांडणे होऊ नयेत, म्हणून रोज सकाळी प्रत्येक जोडप्याने एक रांग मागे सरकायचे आणि अगदी शेवटच्यांनी पुढे यायचे, असा सहल चालवणाऱ्या ताईंचा दंडक होता. आज त्या दोघांची पाळी पहिल्या रांगेची. बायको या दिवसाकडे डोळे लावून बसली होती, कारण किनाऱ्याचा सर्वांत देखणा रस्ता आजचा. खडकांवर ऊन खात पडलेले सील आजचे. द्राक्षमळ्यातली वाइनची चव आजची. आणि सूर्य मावळताना समुद्रातून रांगेने घरी परतणारे पेंग्विन तेही आजचेच. "नशीब लागतं," असे तिने सकाळी मागच्या वहिनींना ऐकू जाईल अशा बेताने म्हटले होते. आता त्याला वाटले, नशीब खरेच आहे, पण कोणत्या प्रकारचे ते कळायला मार्ग नाही. तो आरसा फक्त या एका आसनावरून दिसत होता. काल या जागी बसलेल्यांनी काही पाहिले असेल काय? पाहिले असते तर बोलले नसते काय? की त्यांनी पाहिले, आणि आपल्याला काय करायचे आहे, उद्या आपण मागे जाणारच आहोत, असे म्हणून ते समुद्राकडे बघत राहिले?

पापण्यांशी त्याचे नाते जुने होते. एका मोठ्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात परिचर म्हणून त्याचा जन्म गेला. रुग्णाला ढकलगाडीवरून आत आणायचे, टेबलावर निजवायचे, आणि डॉक्टरांची भूल चढेपर्यंत त्याचा हात हातात धरून घरगुती काहीतरी बोलत राहायचे, हे त्याचे काम. मुलं किती, घर स्वतःचं का भाड्याचं, खिडकीतून काय दिसतं. उत्तरे लांबत जात, शब्दांचे सांधे सुटत, आणि मग पापणी त्याच त्या ओल्या कापडासारखी घसरे. बोटाच्या टोकाने तो पापणीचे केस हलकेच स्पर्शी, आणि पापणी फडफडली नाही की डॉक्टरांकडे वळून "गेले" असे म्हणे. "अहो, गेले म्हणू नका हो," डॉक्टर वैतागत, "दाराबाहेर नातेवाईक बसलेत. झोपले म्हणा!" तेव्हापासून तो "झोपले" म्हणू लागला. रुग्णालयात त्याला गमतीने पापणीवाले म्हणत. परंतु "झोपले" म्हटल्यानंतर त्याचे काम संपत असे. पुढे काय करायचे, सुरी चालवायची की थांबायचे, हे दुसरे कोणीतरी ठरवी. त्याने आयुष्यभर केवळ कळवले होते. आणि आज या धावत्या बसमध्ये कळवायचे म्हटले तर त्याच्यामागे पांघरलेले, पेंगुळलेले, फोटो काढणारे चाळीसेक जीव होते, आणि ठरवणारा मात्र कोणी नव्हता.

ठरवणारी एक होती असे म्हणता आले असते. ताई चालकाच्या शेजारच्या घडीच्या आसनावर मागे तोंड करून बसल्या होत्या. त्यांना चालकाचा कान तेवढा दिसत असेल. बाई तरुण, हसतमुख, कामाला वाघ. पहिल्याच दिवशी ध्वनिक्षेपक हाती घेऊन त्यांनी अभिमानाने सांगितले होते, "आमच्या कंपनीत प्रवाशाचा शब्द शेवटचा. मागच्याच महिन्यात एका काकूंनी सांगितलं, चालक फोनवर बोलत होता. संध्याकाळी गाडीची किल्ली काढून घेतली त्याच्याकडून. वीस वर्षं नोकरी झालेला माणूस होता, पण नाही म्हणजे नाही!" सर्वांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानेही वाजवल्या होत्या. त्या वेळी त्याने चालकाकडे पाहिले होते की नाही, हे आता त्याला काही केल्या आठवेना. टाळ्या वाजत असताना आरशातल्या त्या डोळ्यांनी काय केले असेल? आणि आपले बघणे चुकीचे निघाले तर? समुद्रावरून येणारी तिरीप डोळ्यांत गेली तरी माणूस डोळे मिटतो. शस्त्रक्रियागृहात दिवा डोक्यावर स्थिर असे. इथे प्रकाश प्रत्येक वळणाला आपली जागा बदलतो. एका शब्दाने माणसाच्या हातून चाक जाईल, आणि शब्द न बोलल्याने... पुढचा विचार त्याने कठड्याशीच आवरला.

पापणी पुन्हा घसरली. या वेळी बस पांढऱ्या रेषेवर गेली आणि चाकांखाली काहीतरी खरखरले. चालकाने चाक आवळले. ताई मागच्या कोणाला तरी उलटीची पिशवी देत होत्या. बायको म्हणाली, "रस्ता खराब दिसतोय."

बोलायला हवे, त्याने मनाशी म्हटले. चालकाशी बोलत राहिले की तो जागा राहील. तो किंचित पुढे वाकला आणि त्याने विचारले, "घरी कोण कोण असतं?" आणि विचारताक्षणीच त्याच्या अंगावर काटा आला. कारण आवाज तोच निघाला होता, टेबलापाशी वापरायचा, मऊ, उतरता, शेवटी सैल सोडलेला. बायको नेहमी म्हणे, "तुम्ही दिवसभराचं सांगायला बसलात की मला जांभया येतात. तुमच्या गळ्यातच ते औषध आहे." आपण या माणसाला जागवीत आहोत की निजवीत आहोत? चालकाने काही उत्तर देण्यापूर्वीच ताईंनी बोट वर केले. "काका, गाडी चालू असताना चालकाशी बोलायचं नाही हं. नियम आहे." तो ओशाळून मागे टेकला. मग त्याने गाणी लावा म्हटले, मागून कोणी म्हणाले, "आत्ता कुठे डोळा लागतोय!" मग त्याने वारा आत येऊ द्या म्हटले, खिडक्या उघडणाऱ्या नव्हत्याच. आरशात चालकाने एकदा डोळे मोठ्ठे केले, गालांना आतून हवा भरली आणि सोडली. हे जागे राहण्याचे उपाय होते. त्याला खात्री पटली.

"ताई," तो उठून म्हणाला, "गाडी थांबवा. मला जायचंय."

अशी ती सुरुवात झाली. बस एका मोकळ्या जागी थांबली, तो झुडपामागे जाऊन नुसताच उभा राहिला, आणि पानांतून पाहत राहिला. चालक खाली उतरला होता, बाटलीतले पाणी तोंडावर मारीत होता. तो मुद्दाम सावकाश परत आला. थोडा वेळ ते डोळे बरे राहिले. नंतर पुन्हा कापड घसरू लागले, आणि तो पुन्हा उठला. "काका, आत्ताच तर थांबलो होतो ना?" ताई हसूनच म्हणाल्या, पण हसू ओठांपुरते होते. तिसऱ्या खेपेला सभापती जागे झाले. हे कोणत्याही सभेचे पती नव्हते. कापडाच्या दुकानातून निवृत्त झालेले एक जाडजूड गृहस्थ होते, परंतु सर्वांच्या वतीने बोलण्याची सवय असल्यामुळे बसने त्यांना ही पदवी दिली होती. "अहो ताई," ते मागून गरजले, "भरतीची वेळ कधीची होती? नाही, म्हटलं समुद्र वाढलेला दिसतोय, तो काकांमुळे की चंद्रामुळे ते कळलं पाहिजे!" बस खदखदून हसली. हसण्याने चालकाचेही डोळे उघडले, त्यामुळे त्याला ते हसणे हवेसेच वाटले. असेच हसत राहा, आणखी बोला, असे त्याला ओरडून सांगावेसे वाटले. पण बायको हसली नव्हती. तिचे कान लाल झाले होते.

"काय चाललंय तुमचं?" ती दातांवर दात ठेवून कुजबुजली. "घरी कधी असं नसतं तुम्हाला."

"हवा बदलली की होतं."

"होतं म्हणे. पुढं बसायला मिळालं एक दिवस, तर सगळ्यांच्या तोंडी आपलं नाव." आणि ती पुन्हा खिडकीकडे वळली. आता ती समुद्राकडे बघत होती की काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडे, हे त्याला सांगता आले नसते.

तिला सांगावे असे त्याला वाटले नाही असे नाही. परंतु तिला सांगितले असते तर ती घाबरली असती, आणि घाबरली की ती मोठ्याने घाबरते. शिवाय हा तिचा दिवस होता. शाळेतल्या मुलांचे गणवेश शिवून तिने संसाराला हातभार लावला होता. यंत्रावर वाकून वाकून तिची पाठ थोडी कमानीसारखी झाली होती. यंत्रासमोरच्या भिंतीवर तिने कोणत्याशा मासिकातले एक चित्र चिकटवले होते, संध्याकाळच्या वाळूवरून लगबगीने चाललेल्या पेंग्विनांचे. त्याला वाटे, आहे काहीतरी गमतीचे. एकदा तो नेहमीसारखा उशिरा घरी आला, शस्त्रक्रिया लांबली होती, ताटावरचे जेवण गार झाले होते, तेव्हा तिने त्या चित्राकडे बोट करून म्हटले, "बघा. एवढा मोठा समुद्र, पण अंधार पडायच्या आत घरी येतात. सगळे." ती रागाने बोलली नव्हती, टाचणी तोंडात धरून बोलावे तसे सपाट बोलली होती. तेव्हापासून त्या चित्राची त्याला थोडी भीती वाटे. निवृत्तीनंतर मुलाने या सहलीची जागा काढून दिली, तेव्हा तिने फक्त एवढेच विचारले होते, "पेंग्विन नक्की आहेत ना?"

सीलांच्या ठिकाणी बस नियमाप्रमाणे थांबली. सगळे कठड्याकडे धावले. खाली काळ्या खडकांवर ती लठ्ठ जनावरे एकमेकांवर रेलून पडली होती, लाट अंगावर आली तरी हलत नव्हती. मधूनच एखादे मान वर करी, जांभई देई, आणि पुन्हा धपकन झोपी जाई. "आमचे हे रविवारी असेच," सभापतींच्या पत्नी म्हणाल्या. त्याला मात्र ते निजलेले मांसल ढीग पाहवेनात. तो बसच्या पुढच्या चाकाशी गेला. चालक तिथे उकिडवा बसून चहा पीत होता. आपल्याच भाषेचा, पोटासाठी या परक्या देशात आलेला हा पोरगा जवळून पाहिल्यावर फारच कमी वयाचा वाटला. डोळ्यांच्या कडा लाल होत्या.

"झोप झाली नाही का?" त्याने विचारले.

चालकाने चटकन वर पाहिले. "नाही, नाही काका, झाली की. ऊन येतं ना समोरून."

"मी रुग्णालयात होतो. लोकांच्या पापण्या बघण्यातच हयात गेली."

चालकाने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "जुळी झालीत काका. तीन आठवडे झाले. सध्या आपला मुक्काम आमच्याच शहरात, म्हणून रात्री घरी जातो. एकाचं थांबलं की दुसऱ्याचं सुरू. बायको तरी किती करणार? तिचं पोट फाडून काढलीत, ती उठूसुद्धा शकत नाही नीट." मग आणखी हळू, "ताईंना बोललात का?"

"नाही."

"बोलू नका. रजा मागितली होती, मिळाली नाही. आता सांगितलं तर कायमचीच मिळेल." तो हसायचा प्रयत्न करीत होता. "आणि घाबरू नका. द्राक्षमळ्यात तुमचं जेवण, वाइन, सगळं चालतं दीड-दोन तास. मी गाडीतच आडवा होतो. तेवढं मिळालं की मी ताजा. रोज दुपारच्या तेवढ्या झोपेवरच चाललंय. तिथपर्यंत नेतो मी, काळजी नको."

हे ऐकून त्याच्या छातीवरचा दगड उतरला. आपण बोललो नाही हे किती बरे झाले! केवळ मळ्यापर्यंत सांभाळायचे. पुढच्या वाटेत तो आणखी दोनदा उठला. आता त्याला लाज वाटेनाशी झाली होती. किंबहुना प्रत्येक हशाबरोबर आपण एका घराच्या दोन पाळण्यांना झोका देत आहोत, अशी एक गुप्त धन्यता त्याच्या मनात दाटत होती. आरशात चालकाचे डोळे एकदा त्याच्या डोळ्यांना भिडले आणि कृतज्ञतेने लवले, निदान त्याला तरी तसे वाटले. उतारावर द्राक्षांच्या हिरव्या ओळी दिसू लागल्या, बस कमानीतून आत शिरली, इंजिन थांबले, आणि त्याने डोळे मिटून दीर्घ श्वास सोडला.

तेवढ्यात ताईंनी ध्वनिक्षेपक हाती घेतला. "मंडळी, ऐका! वाटेत आपले बरेच थांबे झालेत, सगळ्यांना माहीतच आहे." मागे हशा. "त्यामुळे आपल्याला उशीर झालाय. पेंग्विन कोणासाठी थांबत नाहीत, आणि अंधार पडला की तो रस्ता बंद करतात. तेव्हा बसून जेवण नाही. जेवण बांधून घेऊ. वाइनची चव घ्यायची, आणि वीस मिनिटांत गाडीत!" मग त्या चालकाकडे वळल्या. "दादा, तुम्ही इथेच उभं राहून खाऊन घ्या. गाडी वळवून ठेवा."

चालकाने आरशात पाहिले. त्या दृष्टीत राग नव्हता. राग असता तर सोसला असता. दुपारच्या रांगेत शेवटचा उभा असलेला माणूस आपल्या तोंडावर खिडकी बंद होताना जसा पाहतो, तसे ते पाहणे होते.

वाइनच्या तळघरात गारवा होता. पिंपांच्या ओळी, ओल्या लाकडाचा वास, कोणी एक पांढऱ्या अंगरख्याची बाई पेल्यात थोडी थोडी लाल वाइन ओतून ती तोंडात कशी घोळवावी हे शिकवीत होती. त्याला त्यातले काही ऐकू येईना. झोप खाल्ली, आपण त्याची झोप खाल्ली, एवढेच कानात घुमत होते. प्रत्येक वेळी झुडपामागे नुसते उभे राहून, पानांतून बघत, आपण त्या पोराचा तास कुरतडला. जागे ठेवण्याच्या नादात! डॉक्टर असते तर म्हणाले असते, तुम्ही फक्त कळवा हो, उपचार करू नका. सभापतींनी त्याच्या हातात पेला कोंबला. "घ्या काका! आता थांबे झालेच आहेत, आणखी एकाची काय चोरी?" त्याने पेल्यात पाहिले. त्या लाल रंगाने त्याला टेबलाखालच्या बादल्या आठवल्या, आणि त्याने पेला तसाच पिंपावर ठेवून दिला.

तो ताईंकडे गेला. "ताई, एक विचारायचं होतं. चालकाला जरा..."

त्यांचा चेहरा तत्क्षणी बदलला. हसू गेले आणि जबाबदारी आली. हातात फोन होताच. "चालकाचं काय काका? काही तक्रार आहे? स्पष्ट सांगा. चाळीस माणसं आहेत माझ्या अंगावर. मी आत्ताच्या आत्ता ऑफिसला कळवते, ते दुसरा माणूस पाठवतील."

किती सोपे होते! एक शब्द: झोपले. तो शब्द त्याने हजारो वेळा उच्चारला होता. ताईंच्या खांद्यावरून दारातून त्याला बस दिसत होती, आणि बसच्या पायरीवर पोळीच्या गुंडाळीचा घास हातात तसाच धरून बसलेला चालक दिसत होता. त्याचे चावणे थांबले होते. मान एका बाजूला कलली, सावरली, पुन्हा कलली. "काका?" ताई म्हणाल्या.

"नाही, नाही. त्याला जेवायला मिळालं का, एवढंच."

"मिळालं हो. फार मायाळू आहात तुम्ही," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांना हाका मारीत सुटल्या. लोक बाहेर निघाले. कोणाच्या गालांवर लाली चढली होती, कोणी बाटल्यांचे खोके सांभाळीत होते. चढायची गडबड सुरू झाली. चालक डोक्यावर पाणी ओतून घेऊन आत गेला. बायको पायरीशी उभी राहून म्हणाली, "चला ना लवकर. आपल्यामुळेच उशीर झालाय." पुढच्या रस्त्याचे वर्णन ताईंनी सकाळीच केले होते: आजवरच्यापेक्षा अरुंद, आजवरच्यापेक्षा उंच, आणि कठडा जागोजागी नाही. तिचा हात त्याच्या दंडाला लागला. त्याने एक पाय पायरीवर ठेवला. आणि मग, कोणी ठरवले हे त्याला नंतरही कळले नाही, पण त्याचे गुडघे वाकले आणि तो खडीवर खाली बसला, आणि बसल्यावर आडवा झाला.

"मला बरं वाटत नाही," तो म्हणाला.

पुढचा सर्व काळ त्याने मिटल्या डोळ्यांनी ऐकला. धावपळ, खडीचा आवाज, सभापतींचा, एरवीचा गडगडाट विसरलेला, बारीक झालेला आवाज: "पाय वर करा त्यांचे, पाय!" त्याला उचलून तळघरातल्या लांब बाकावर नेले. कोणाचा तरी पदर वारा घालीत होता. ताई रुग्णवाहिका म्हणाल्या, तेव्हा तो घाईने, फार घाईने नव्हे अशा बेताने, म्हणाला, "नको, नको. चक्कर आहे. तासभर पडलं की जाते." आणि या सगळ्यावर बायकोचा आवाज, चिरकलेला: "यांना असं कधी होत नाही हो! कधीच नाही! अहो, डोळे उघडा ना. माझ्याकडे बघा." अशा आवाजात ती बोलू शकते हे त्याला ठाऊकच नव्हते. रुग्णालयात तो नेहमी दाराच्या आत असे, आणि असे आवाज दाराच्या बाहेर राहत. डोळे उघडले तर सारे कळेल, म्हणून त्याने ते मिटलेलेच ठेवले. आता त्याला उमगले की मिटलेले डोळे हेही एक कष्टाचे काम आहे. बुबुळे आत वळवळत होती. कोणी बोटाच्या टोकाने पापणीच्या केसांना नुसता स्पर्श केला असता तर त्याचे बिंग फुटले असते. दूर कोणी म्हणत होते, पेंग्विनचे पैसे परत मिळतात का. कोणी त्याला गप्प करीत होते. बायको म्हणाली, "गोळ्यांची पिशवी गाडीत आहे. आणते." तिची पावले धावत गेली.

ती लवकर परतली नाही. त्याने वाट पाहिली. पिंपातून कुठे तरी थेंब पडत होता. मग पावले आली, पण धावत नव्हती. ती बाकाच्या कडेला बसली. गोळ्यांची पिशवी उघडल्याचा आवाज आला नाही. तिने त्याचे मनगट हातात घेतले आणि नाडीवर बोट ठेवून बराच वेळ बसली.

"तो झोपलाय," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "चाकावर डोकं टाकून. मी दार उघडलं, पिशवी काढली, फळीवरचं खोकं पडलं माझ्या हातून, तरी हलला नाही. मला आधी वाटलं, मेलाबिला की काय."

ती आणखी जवळ वाकली.

"सकाळपासून तुम्ही एकदा समुद्राकडे बघितलं नाहीत. नुसतं वर, त्या आरशात. मला वाटलं माझ्यावर कसला तरी राग धरलाय." तिचे बोट अजून नाडीवरच होते. "नाडी तर घड्याळासारखी चाललीय तुमची. मघाशी माझा जीव जायचा राहिला. हे मी विसरणार नाही."

"ताईंना सांगितलं तर त्याची नोकरी जाईल," तो ओठ न हलवता म्हणाला. "जुळी आहेत त्याला."

"किती वेळ लागेल?"

"तासभर तरी."

"मग पेंग्विन..."

"नाही."

तिच्या चेहऱ्यावर काय उमटले हे त्याला बघायचे होते, पण डोळे उघडायची सोय नव्हती. तिचा श्वास ऐकू येत होता. दारात ताईंच्या बुटांची टकटक आली आणि थांबली. "काकू, कसं वाटतंय काकांना? नाही, घाई नाही, पण आत्ता निघालो तर अजून गाठता येईल. मागच्या सीटवर त्यांना आडवं करू. सगळे जागा द्यायला तयार आहेत. तुम्ही म्हणाल तसं."

थेंब पडला, आणखी एक पडला. त्याला वाटले ती उठेल. उठून "चला" म्हणेल, किंवा उठून सगळेच सांगून टाकेल, आणि दोन्हींपैकी काहीही केले तरी तिला दोष देता येणार नाही. तिने घसा साफ केला.

"आत्ता नाही, ताई," ती म्हणाली. तिचा आवाज पुन्हा सपाट झाला होता. "एवढ्यात हलवलं तर वाटेत काहीही होईल. तासभर पडू दे. मी सांगेन तेव्हा निघायचं."

"पण मग पेंग्विन काही..."

"माहीत आहे मला."

बूट दूर गेले. बाहेर लोकांचा एक लांबट, नाराज सुस्कारा उठला आणि विरला. मग तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. तो हात मायेने ठेवला होता असे त्याला खात्रीने म्हणता येईना. उकळत्या भांड्यावरचे झाकण उडू नये म्हणून दाबून धरावे, तसा तो दाबलेला होता. आणि तो तासभर तसाच राहिला.